वन्स मोअर!

नमस्कार, श्रोतेहो.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. ठाण्याच्या गडकरी रंगायतनला नाट्यसंगीताची मैफल होती. सुरुवातीची चाळीस मिनिटं शाल, श्रीफळ आणि मान्यवरांची मनोगतं यांत गेली. आयोजक कोण होते ते सोडून द्या, हे सगळीकडे असंच चालतं. व्हायचं तेच झालं. शेवटचं पद संपता संपता आयोजकांनी विंगेतून मनगटावर बोट टेकवून दाखवलं. वेळ संपली होती. भैरवीवर, म्हणजे समारोपाच्या गाण्यावर, काट! आभार मानणारे गृहस्थ माइककडे निघालेसुद्धा. पेटीवाल्यांनी भाता मिटून खिट्टी लावली आणि वर मखमली झाकण ओढलं.

तेवढ्यात माझ्या मागच्या रांगेतून एका आजोबांचा आवाज आला, "वन्स मोअर!" मग बाल्कनीतून. मग सगळीकडून. गाणाऱ्या बाईंनी विंगेकडे पाहिलंच नाही, पेटीवाल्यांकडे पाहिलं. त्यांनी हसत झाकण काढलं, खिट्टी सोडली आणि सूर धरला. माझ्या शेजारच्या बाई पर्स खांद्याला अडकवून निघाल्या होत्या, बदलापूर लोकल गाठायची म्हणून. त्या मधल्या वाटेत थबकल्या आणि तिथेच उभ्या राहून त्यांनी पूर्ण पद ऐकलं.

या शब्दाची एक गंमत आहे. इंग्रजांना गाणं पुन्हा हवं असलं की ते 'आँकोर' असं ओरडतात, आणि तो शब्द फ्रेंच. खुद्द फ्रेंच माणूस अशा वेळी ओरडतो 'बिस'. आपण 'वन्स मोअर' घेतलं इंग्रजीतून, पण इंग्रजांच्या थिएटरात ते कुणी ओरडत नाही. म्हणजे हा शब्द आता आपलाच. तो मिळतो, घेतला जातो, एखाद्या पदाला तीन-तीन पडतात.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगमंचावर आलं आणि पदांनी भरलेल्या नाटकांचा जमाना सुरू झाला. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालायचा, कारण नाटक पुढे सरकायचंच नाही. बालगंधर्वांची रुक्मिणी गातेय, लोकांनी पुन्हा मागितलं की ती पुन्हा गाणार. कृष्णाने तोवर उभं राहायचं! कथानकाचं काय, असं विचारणारे तेव्हाही होते, पण त्यांचा आवाज टाळ्यांत बुडत असणार.

मात्र जुनी मंडळी एक गोष्ट आवर्जून सांगतात. दुसऱ्यांदा गायलेलं पद पहिल्यासारखं नसायचं. लय जरा बदलायची, तान दुसऱ्या जागेवरून उठायची, एखादा शब्द वेगळ्या सुरावर ठेवला जायचा. मला तर वाटतं, लोक पद पुन्हा मागतच नव्हते. यात आणखी काय दडलंय ते काढून दाखव, असं म्हणत होते. तेच ते ऐकायचं तर तबकडी होतीच की.

आपल्या ठाण्यात राहिलेले पंडित राम मराठे याच मुशीतले. महापालिका त्यांच्या नावाने संगीत महोत्सव भरवते, तुमच्यापैकी अनेक जण जात असाल. १९६३ च्या 'मंदारमाला' नाटकात त्यांची आणि प्रसाद सावकारांची जुगलबंदी होती. आता जुगलबंदीला वन्स मोअर पडला, तर तो दोघांपैकी कुणाचा म्हणायचा?

तिकडे युरोपात यावर राजाज्ञा निघाली होती. १७८६ मध्ये व्हिएन्नात मोझार्टचा 'फिगारो' हा ऑपेरा, म्हणजे तिकडचं संगीत नाटक, लागला. लोकांनी इतकी पदं पुन्हा गाऊन घेतली, की प्रयोग लांबतच चालला. शेवटी बादशहा दुसऱ्या जोसेफने हुकूम काढला, की एकट्याचं गाणं पुन्हा चालेल, पण एकाहून जास्त गळ्यांचं नाही. मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहात तर १९३३ नंतर थेट २००७ मध्ये एका गायकाने गाणं पुन्हा गायलं. चौऱ्याहत्तर वर्षं! आपल्याकडे असा हुकूम निघाला असता, तर पिटातल्या प्रेक्षकांनी आधी त्या हुकमालाच वन्स मोअर दिला असता.

शास्त्रीय मैफलीचा रिवाज निराळा. तिथे फर्माईश करायची ती भैरवीच्या आधी. भैरवी झाली की तंबोरे गवसणीत जातात. त्यानंतर कुणी "अजून एक होऊन जाऊ द्या" म्हणालं, की मला अवघडल्यासारखं होतं.

आणि आता स्टेडियम. नेरुळच्या डी. वाय. पाटीलवर २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे तीन कार्यक्रम झाले, तेव्हा हार्बरच्या गाड्यांना काय गर्दी होती ते नवी मुंबईकरांना सांगायला नको. एवढ्या मोठ्या मैफलींत शेवटची दोन-तीन गाणी बहुतेक वेळा यादीतच लिहिलेली असतात. कलाकार निरोप घेऊन जातात, पण मैदानातले दिवे लागत नाहीत. जाणकार काय ते ओळखतात आणि जागचे हलत नाहीत. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. प्रकाशयोजना, पडद्यावरची चित्रं, सगळं आधी बांधलेलं असतं आणि उघड्यावरच्या लाउडस्पीकरला रात्री दहाचा नियम असतो. पण जे आधीच ठरलंय, ते घसा ताणून मागण्यात मला मजा येत नाही.

रेडिओचीही तीच अडचण. तुम्ही घरात कितीही ओरडा, इथे स्टुडिओत काही ऐकू येत नाही. आपला वन्स मोअर पोस्टकार्डावर यायचा, 'आपली आवड'साठी. गाणं ऐकायचं, पत्र टाकायचं आणि मग कित्येक दिवस कान रेडिओला लावून बसायचं.

त्या रात्री तलावपाळीवरून चालत मी ठाणे स्टेशनला पोचलो. फलाटावरच्या बाकावर त्या पर्सवाल्या बाई बसल्या होत्या. बदलापूर गेली होती. पुढची यायला वेळ होता आणि त्या हलक्या आवाजात तेच पद म्हणत होत्या. अंतऱ्यातल्या एका जागेवर अडकायच्या, मान हलवायच्या आणि पुन्हा मुखड्यापासून सुरू करायच्या.