इमो, आणखी थोडं

(दृश्य: सोल. नामदेमुन बाजारातली अरुंद गल्ली, जेवणाची वेळ होत आलेली.)

नामदेमुन बाजारात दुपारचं जेवण डोक्यावरून येतं. चुंबळ, चुंबळीवर थाळा, त्या थाळ्यावर आणखी एक थाळा. दोन्ही हात मोकळे सोडून बाई गर्दीतून अशा काही चालतात, की समोरून येणारा हातगाडीवालाच बाजूला होतो. चष्म्याच्या दुकानात एक थाळा उतरतो, लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात दुसरा. मालक गल्ल्यावरच जेवायला बसतो. थोड्या वेळानं बाई रिकामी भांडी न्यायला परत येतील.

थाळ्यात भात, एक गरम रस्सा आणि लहान लहान ताटल्या. याचं नाव बेकबान. शब्दाचा अर्थ नुसता 'पांढरा भात'. बाकीचं सगळं गृहीत!

कोरियन जेवण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मालिकांमधली ती जाळी येते, चरचरणारं मांस आणि भोवती चार मित्र. ते छानच लागतं, तक्रार नाही. पण तो संध्याकाळचा, खिसा सैल सोडायचा बेत. बऱ्याच ठिकाणी त्याला निदान दोघं तरी लागतात. बेकबानला एकटा माणूस चालतो.

(दृश्य: छोटी खानावळ. टेबलाच्या बाजूचा खण उघडतो. आत चमचे आणि धातूच्या चॉपस्टिक्स.)

पाणी आपलं आपण घ्यायचं, तशी पाटीच असते. चमचे खणात. भात झाकणाच्या स्टीलच्या वाटीत. ही वाटी नीट बघा, कारण देशभर कुठेही गेलात तरी ती जवळपास एवढीच भेटेल. १९७०च्या दशकात तिथं तांदूळ वाचवण्याची मोहीम जोरात होती. १९७६ साली सोल शहरानं खानावळींना माप ठरवून दिलं: आतला व्यास १०.५ सेंटिमीटर, उंची ६ सेंटिमीटर. टंचाई केव्हाच सरली, वाटी मात्र तेवढीच राहिली.

ताटल्यांचं तसं नाही. त्यांना बान्चान म्हणतात. त्या मागवायच्या नसतात आणि बिलातही नसतात. संपल्या की हाक मारायची, "इमो!" इमो म्हणजे आईची बहीण. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. वडिलांच्या बहिणीला कोरियनमध्ये वेगळा शब्द आहे, कोमो. पण खानावळीतल्या बाईंना कुणी आत्या म्हणत नाही, त्या मावशीच.

ताटल्यांत काय यायचं ते मावशी ठरवतात, आणि मावशींचं सकाळचा बाजार ठरवतो. त्यामुळे भिंतीवरचं कॅलेंडर न बघताही महिना सांगता येतो.

(दृश्य: घरचं स्वयंपाकघर. वर्तमानपत्रावर पसरलेली रानभाजी.)

वसंतात नेंगी येते. जमिनीलगत पसरणारी रानभाजी, मुळासकट खायची. म्हणून खरा वेळ निवडण्यात जातो. सुरीच्या टोकानं एकेक मूळ खरवडायचं, पिवळी पानं काढायची, माती निघेपर्यंत चार-पाच पाण्यांतून धुवायची. पुढचं काम लगेच होतं. उकळत्या पाण्यातून काढायची, गार पाण्यात टाकायची, मुठीत घट्ट पिळायची. मग द्वेनजांग, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा घट्ट गोळा, थोडा लसूण, तिळाचं तेल. आणि हे कालवायचं हातानंच. चव चांगली जमली की कोरियन माणूस म्हणतो, 'सोनमात'. सोन म्हणजे हात, मात म्हणजे चव. हाताला चव आहे, असं आपण म्हणतो तेच, शब्दाला शब्द.

दक्षिण किनाऱ्यावर, तोंगयोंगला, याच दिवसांत 'सुक'च्या, म्हणजे दवण्याच्या कुळातल्या एका रानभाजीच्या, कोवळ्या पाल्यात चपटा मासा घालून रस्सा करतात. मिरचीचा मारा नाही. पाल्याचा वास लागला पाहिजे, एवढाच आग्रह.

उन्हाळ्यात कोंगगुक्सू. भिजवलेलं सोयाबीन उकडून वाटायचं, गार करायचं आणि ते पांढरंशुभ्र दाट दूध शेवयांवर ओतायचं. वर काकडीच्या सळ्या. कृती एवढीच, पण सोयाबीन कमी उकडलं तर कच्चट वास, जास्त उकडलं तर आंबूस. त्यात मीठ घालायचं की साखर, यावर वाद आहे. जोल्ला प्रांतात साखर घालतात, सोलवाले नाक मुरडतात. आमचं मत मिठाच्या बाजूनं. जोल्लावाल्यांनी रागावू नये.

शरद ऋतूत 'जोनो' मासा भाजतात. त्याच्या वासानं घर सोडून गेलेली सूनसुद्धा परत येते, अशी म्हण आहे. ही म्हण सुनेनं रचलेली नसावी.

(दृश्य: अंगण. मिठात मुरलेल्या कोबीचा ढीग, रबरी हातमोजे, मोठ्या पराती.)

आणि मग नोव्हेंबर-डिसेंबर, किमजांग. थंडीभर पुरेल एवढी किमची एकदम घालायची. लांबट कोबी उभा चिरून रात्रभर मिठात ठेवलेला असतो. सकाळी धुऊन पालथा निथळत घातलेला. मुळ्याच्या सळ्या, मिरचीपूड, लसूण, आलं, कांद्याची पात, खारवलेली छोटी कोळंबी. हे लाल सारण पानापानाच्या मध्ये भरायचं आणि शेवटी बाहेरच्या पानानं सगळं गुंडाळून घ्यायचं. एकटीचं काम नाही. बहिणी येतात, जावा येतात, शेजारी येतात. २०१३ साली युनेस्कोनं दक्षिण कोरियाच्या किमजांगला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

काम करणाऱ्यांचे हात कोपरापर्यंत लाल. म्हणून कुणीतरी उकडलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा ताज्या कोबीच्या पानात गुंडाळतं आणि थेट दुसऱ्याच्या तोंडात कोंबतं. आधीच्या काळी रांजण जमिनीत पुरायचे. आता फ्लॅटमध्ये किमचीचा वेगळा फ्रीज असतो.

(दृश्य: पुन्हा खानावळ. मार्च. काचेवर वाफ.)

हिवाळा सरता सरता ती किमची आंबट होते. नुसती खायला जरा जहालच, पण रश्शाला तशीच लागते. मावशी ती परततात, डुकराचं मांस आणि टोफू घालून उकळतात आणि भांडं खदखदत टेबलावर आणून ठेवतात. भांड्यात गेल्या नोव्हेंबरचा कोबी. शेजारच्या ताटलीत या वर्षीची पहिली नेंगी, जेमतेम तीन घास.

"इमो, ही आणखी थोडी?"

मावशी उत्तर देत नाहीत. ताटली उचलतात आणि आत जातात.