स्टार ऑफ बॉम्बे आणि कांदिवलीची खाण

वॉशिंग्टनचं स्मिथसोनियनचं नॅचरल हिस्ट्री म्युझियम आपल्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलं असेल, मुलगा-सून तिकडे असली की चक्कर होतेच, आणि तिकीटही नाही, फुकट आहे. आत शिरलं की सगळे पळतात होप डायमंडकडे. पळा, माझं काही म्हणणं नाही. 45.52 कॅरटचा निळा हिरा, मूळचा आपल्या गोवळकोंड्याकडचा, निळा कशामुळे तर कार्बनमध्ये किंचित बोरॉन घुसलाय म्हणून, आणि लॅबमध्ये त्याच्यावर अल्ट्राव्हायोलेट लाइट मारून बंद केला ना, की अंधारात तो थोडा वेळ निखाऱ्यासारखा लाल दिसतो! तो बाळगणाऱ्याला शाप लागतो म्हणतात, ते शापबिप सोडा हो. हॅरी विन्स्टन या न्यूयॉर्कच्या जवाहिऱ्याने 1958 ला तो म्युझियमला चक्क रजिस्टर पोस्टाने पाठवला, टपालखर्च 2.44 डॉलर, विमा धरून 145.29.

पण त्याच मजल्यावर 'स्टार ऑफ बॉम्बे' आहे, त्याच्यापुढे आपली माणसं फोटो काढून दोन मिनिटांत पुढे जातात. 182 कॅरटचा नीलम, मेरी पिकफर्ड या मूकपटांच्या जमान्यातल्या हिरॉइनकडे होता. आता बघायचं कसं, तर जागेवर उभं राहू नका, डावीकडे-उजवीकडे डोकं हलवा, वरचा सहा किरणांचा तारा खड्यावरून सरकतो. आत रुटाइलच्या, म्हणजे टायटॅनियम ऑक्साइडच्या, अतिशय बारीक सुया तीन दिशांना पसरलेल्या असतात, प्रत्येक दिशेच्या सुयांवरून उजेडाची एक रेघ उठते, तीन रेघा एकमेकींना छेदतात म्हणून सहा किरण. यासाठीच अशा खड्याला पैलू पाडत नाहीत, वरून गोल घुमट ठेवतात. पैलू पाडले की तारा गेला.

होळकरांचाही एक हार आहे बरं का तिथे, पाचू आणि हिऱ्यांचा, इंदूरच्या तुकोजीरावांकडचा. असो.

तर हा 'बॉम्बे' नीलम निघालाय श्रीलंकेत. मुंबईच्या जमिनीत नीलम कुठून येणार, खाली सगळा लाव्हाचा काळा कातळ, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा! पण तो लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले, त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिलं आणि क्रिस्टल वाढले, झिओलाइट म्हणतात ते आणि त्यांची भावंडं. मालाड-कांदिवलीच्या दगडखाणींतला फिकट हिरवा प्रेहनाइट जगभरचे कलेक्टर बाळगून आहेत आणि आपण मात्र कांदिवली म्हटलं की स्क्वेअर फुटाचा रेट विचारतो. आमच्या खाणवाल्यांनीही किती क्रिस्टल क्रशरमध्ये घालून खडी केली असेल, देव जाणे.

व्हिसाची भानगड नको असेल तर शिर्डीला जाताना सिन्नरला गारगोटी म्युझियममध्ये थांबा, तासभर तरी काढा. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतला कॅव्हनसाइट आवर्जून शोधा, पांढऱ्या स्टिल्बाइटवर, म्हणजे एका झिओलाइटवरच, बसलेले गडद निळे गोळे, हा निळा बोरॉनचा नाही, व्हॅनेडियमचा. मुलांना न्या, आणि त्यांना आधी तेच बघू द्या, सोन्या-हिऱ्यांचं नंतर.