वर्णी कुणाची लागणार?

(एका फिल्म सोसायटीच्या एप्रिलमधल्या कार्यक्रमात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, निवडणूक जवळ आली की तिकीटवाटपाची चर्चा कशी रंगते, हे तुम्हाला सांगायला नको. पहिली यादी कधी येणार, कुणाची वर्णी लागणार, कुणाचा पत्ता कट होणार, नाराज होऊन कोण पलीकडच्या गोटात जाणार. मार्च-एप्रिलमध्ये सिनेमाच्या जगात अगदी हेच चालू असतं. इथे पक्ष म्हणजे फ्रान्समधला कान्सचा चित्रपट महोत्सव आणि पलीकडचा गोट म्हणजे सप्टेंबरच्या सुमारास इटलीत होणारा व्हेनिसचा महोत्सव. एप्रिलच्या मध्याला पॅरिसमध्ये पत्रकार परिषद होते, पहिली यादी वाचली जाते. मग पुढचे काही दिवस पुरवणी यादी येत राहते आणि पहिल्या यादीत हुकलेल्यांचे चाहते तिच्यावर डोळा ठेवून बसतात.

यातली गंमत अशी की ज्या सिनेमांबद्दल एवढ्या छातीठोक गप्पा होतात, ते बोलणाऱ्यांपैकी जवळपास कुणीच पाहिलेले नसतात. बरेचसे तर अजून पुरेही झालेले नसतात. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. तरीही मला आज या अंदाजबहाद्दरांची बाजू घ्यायची आहे. पूर्ण नाही, अर्धीच. कोणता सिनेमा निवडला जाईल याचा अंदाज अभ्यास करून बांधता येतो. बक्षीस कुणाला मिळेल याचा बांधता येत नाही. आपण मात्र सगळा जीव त्या दुसऱ्या प्रश्नात घालतो.

थोडं मागे जाऊ, कारण हा अंदाजांचा खेळ पहिल्यापासून नव्हता. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात आपल्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’ची खास दखल घेतली गेली, हे आपण अभिमानाने सांगतो. तो महोत्सव कुणाच्या छायेत चालला होता, हे सांगायचं राहून जातं. तिथल्या सर्वोच्च करंडकाला मुसोलिनीचं नाव होतं. पुढच्या वर्षी, १९३८ मध्ये, तो करंडक हिटलरसाठी प्रचारपट काढणाऱ्या लेनी रिफेनश्टालच्या ऑलिंपिकवरच्या चित्रपटाला आणि एका इटालियन चित्रपटाला विभागून दिला गेला, आणि फ्रेंच, ब्रिटिश, अमेरिकन मंडळी भडकली. फ्रान्सने स्वतःचा महोत्सव काढायचं ठरवलं. जागा ठरली कान्स, मुहूर्त ठरला १ सप्टेंबर १९३९. त्याच दिवशी हिटलरचं सैन्य पोलंडमध्ये घुसलं. पहिला महोत्सव खऱ्या अर्थाने भरला तो १९४६ मध्ये, आणि त्यात चेतन आनंद यांच्या ‘नीचा नगर’ला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. एकूण अकरा चित्रपटांना ते विभागून दिलं होतं, हे आपल्याकडे सहसा कुणी सांगत नाही. मी सांगतो, कारण त्यामुळे त्या सिनेमाचं मोल कमी होत नाही. महायुद्धातून नुकतंच बाहेर पडलेलं जग कुणालाही दुखवायला तयार नव्हतं, एवढंच त्यातून कळतं.

त्या काळात आणि पुढे बरीच वर्षं सिनेमे महोत्सव निवडत नसे. प्रत्येक देश आपापला सिनेमा पाठवायचा. १९५२ मध्ये शांतारामबापूंचा ‘अमर भूपाळी’ कान्सच्या स्पर्धेत होता आणि त्याच्या ध्वनिमुद्रणाला पारितोषिकही मिळालं. पण ‘यंदा कान्सला काय जाणार’ हा प्रश्न तेव्हा सरकारदरबारचा होता. १९७२ पासून चित्र पालटलं. निवड महोत्सवाने स्वतःच्या हातात घेतली आणि तिथून निवडीला एक चेहरा मिळाला. आज तो चेहरा थिएरी फ्रेमो यांचा आहे. २००१ पासून ते निवडीच्या कामात आहेत आणि २००७ पासून महोत्सवाचे सर्वाधिकारी. निवड समिती असते, पण शेवटचा शब्द त्यांचा. एका माणसाच्या मनात काय आहे हे ओळखायचं, म्हटल्यावर अंदाजांना ऊत येणारच. आणि हे गृहस्थ तरबेज. बोलतात भरपूर, ताकास तूर लागू देत नाहीत. आदल्या रात्रीपर्यंत फोन चालू असतात म्हणे.

आता अंदाज बांधणारा माणूस पाहतो तरी काय?

सर्वांत आधी, सिनेमा तयार आहे का. हे वाटतं तितकं सोपं नाही. टेरेन्स मॅलिक यांचा ‘द ट्री ऑफ लाइफ’ २०१० मध्ये येणार, येणार, म्हणून सगळे डोळे लावून बसले होते. घोडं गंगेत न्हालं २०११ मध्ये, आणि थेट पाम दॉर, म्हणजे तिथलं सर्वोच्च पारितोषिक, घेऊन गेलं. मॅलिक यांनी २०१९ मध्ये चित्रित केलेला ख्रिस्तचरित्रावरचा सिनेमा त्यानंतर कितीतरी वर्षं प्रत्येक यादीत अग्रभागी होता आणि प्रत्येक वेळी त्याने हूल दिली. वाँग कार-वाय यांचा ‘२०४६’ तर २००४ मध्ये स्पर्धेत निवडला गेला आणि प्रिंटच वेळेवर पोचेना. खेळांचं वेळापत्रक बदलावं लागलं.

मग तो आधी कुठे दाखवलाय का. कान्सच्या स्पर्धेतला सिनेमा त्याआधी दुसऱ्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात झळकलेला चालत नाही. त्यामुळे जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाला किंवा फेब्रुवारीत बर्लिनला गेलेलं नाव यादीतून निमूटपणे खोडायचं.

मग पैसा कुणाचा. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सचे दोन सिनेमे स्पर्धेत आले आणि फ्रान्समधल्या थिएटरवाल्यांनी रान उठवलं. पुढच्या वर्षापासून नियम झाला की स्पर्धेतला सिनेमा फ्रान्समध्ये थिएटरात लागलाच पाहिजे. आता फ्रान्सचा कायदा असा की थिएटरात लागलेला सिनेमा घरच्या पडद्यावर आणायला बराच काळ थांबावं लागतं, तेव्हा तर तीन वर्षं थांबावं लागे. नेटफ्लिक्सला ते परवडेना. म्हणून २०१८ मध्ये अल्फान्सो क्वारोन यांचा ‘रोमा’ व्हेनिसला गेला आणि तिथला सुवर्णसिंह, म्हणजे तिथलं सर्वोच्च पारितोषिक, घेऊन आला. तेव्हापासून एखाद्या बड्या दिग्दर्शकाच्या सिनेमामागे नेटफ्लिक्स दिसलं, की जाणकार त्याचं नाव कान्सच्या रकान्यातून काढून व्हेनिसच्या रकान्यात टाकतात. यात गुणवत्तेचा संबंध शून्य. सगळा हिशेब फ्रेंच थिएटरमालकांचा.

आणि शेवटची, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे सिनेमाची कुळकथा. दिग्दर्शकाचं आधीचं काम कुठे दिसलं, निर्मितीत फ्रेंच भागीदार आहे का, जगभर विकण्याचे हक्क कुठल्या कंपनीने घेतलेत. इथे जरा थांबतो, कारण हे आपल्या दाराशी येतं.

११ एप्रिल २०२४ रोजी यादी वाचली गेली आणि स्पर्धेत पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’चं नाव आलं. १९९४ च्या ‘स्वहम्’नंतर, म्हणजे तीस वर्षांनी भारतीय सिनेमा मुख्य स्पर्धेत. आपल्याकडे बातमी आली ती आकाशातून काहीतरी पडल्यासारखी. पण माग काढणाऱ्याला तो आधीच लागला असता. कपाडिया पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे ज्या आवारात ‘संत तुकाराम’ घडला त्याच प्रभातच्या जागेतल्या. त्यांचा विद्यार्थिदशेतला लघुपट २०१७ मध्ये कान्सच्या विद्यार्थी विभागात होता. २०२१ मध्ये त्यांच्या ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ला तिथेच माहितीपटाचं पारितोषिक मिळालं. नव्या सिनेमाची मुख्य निर्मिती फ्रेंच कंपनीकडे होती, विक्रीही पॅरिसमधली कंपनी बघत होती. महोत्सव आपल्या अंगणात वाढलेल्या माणसांना विसरत नाही. चांगलं की वाईट, यावर वाद घालता येईल, पण रीत ही अशी आहे. सिनेमा थोर आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र थोर सिनेमा निवड समितीच्या टेबलापर्यंत पोचायला वाट लागते, आणि ती वाट वर्षानुवर्षं आधी बांधावी लागते.

त्या सिनेमात छाया कदम आहेत. गिरणगावातल्या चाळीतून बिल्डर हुसकावतोय अशी रुग्णालयातली स्वयंपाकीण, पार्वती. जवळ खोलीचा एक कागद नाही, म्हणून इतकी वर्षं राहूनही ती त्या घरात राहत होती हे तिला सिद्ध करता येत नाही, आणि शेवटी ती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परतते. त्याच वर्षी कान्सच्या समांतर विभागात त्यांचा ‘सिस्टर मिडनाइट’ही होता. आपल्या माध्यमांना मात्र भावली ती त्यांनी तिथे नेसलेली आईची साडी आणि घातलेली नथ. साडीबद्दल तक्रार नाही, फार सुंदर गोष्ट होती ती. पण त्या बातम्यांखाली पार्वतीबद्दल दोन ओळी असत्या, तर काय बिघडलं असतं?

माध्यमांचा विषय निघालाच आहे तर एक बोलून घेतो. ‘कान्समध्ये मराठी सिनेमा’ असा मथळा दिसला की आधी विचारा, कुठे? मुख्य स्पर्धेत, ‘अन सर्टन रिगार्ड’ या तिच्या खालोखालच्या विभागात, डायरेक्टर्स फोर्टनाइट या समांतर विभागात, की बाजारात? महोत्सवाला लागून सिनेमाचा मोठा बाजार भरतो, १९५९ पासून. तिथे पैसे भरून खेळ लावता येतो. आपला सिनेमा खरेदीदारांपुढे ठेवायला तिथे जावंच, त्यात कमीपणा नाही. पण बाजारात गाळा घेणं आणि निवड होणं यांची सरमिसळ करून हारतुरे घालणं थांबायला हवं. दरवर्षी तोच घोळ.

निवडीच्या अंदाजाबद्दल एवढं पुरे. आता दुसरा अंदाज, बक्षिसांचा. याबद्दल मी थोडक्यात बोलणार आहे, कारण त्यात दम नाही.

महोत्सव चालू असताना ‘स्क्रीन’ हे व्यवसायाचं मासिक रोज एक तक्ता छापतं. निवडक समीक्षक प्रत्येक सिनेमाला चारपैकी गुण देतात, त्याची सरासरी. सकाळी कॉफीबरोबर सगळे तो तक्ता वाचतात. २०१६ मध्ये मारेन आडे यांच्या ‘टोनी एर्डमान’ला ३.७ मिळाले, तोवरचा उच्चांक. परीक्षकांनी एकही पारितोषिक दिलं नाही. २०१८ मध्ये ली चांग-डाँग यांच्या ‘बर्निंग’ने ३.८ मिळवून तो उच्चांक मोडला. परीक्षकांकडून पुन्हा भोपळा. नऊ माणसं एका खोलीत बसतात, त्यात नट असतात, लेखक असतात, दिग्दर्शक असतात, समीक्षक क्वचितच. त्यांची आवड तक्त्यावरून कशी कळणार? सिनेमा संपल्यावर प्रेक्षक किती मिनिटं उभं राहून टाळ्या वाजवत होते, याच्या बातम्या तर मी वाचणंच सोडलं आहे. हातात स्टॉपवॉच घेऊन सिनेमा मोजायचा, हे कुणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे.

शेवटच्या दिवशीचा एक अंदाज मात्र खरा ठरतो, कारण तो अंदाज नसतोच. सकाळी महोत्सवाकडून काही चमूंना फोन जातो, संध्याकाळच्या समारंभाला या. कशासाठी ते सांगत नाहीत. मग कान्सजवळच्या नीसच्या विमानतळावर कोण परत उतरलं, कुठल्या हॉटेलात कोण दिसलं, यावरून दुपारपर्यंत विजेत्यांची अर्धी यादी तयार होते. २०२१ मध्ये त्याचीही गरज उरली नाही. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष स्पाइक ली यांनी समारंभाच्या सुरुवातीलाच पाम दॉरचा विजेता बोलून टाकला. शेजारचे परीक्षक कपाळावर हात मारून बसलेले सगळ्या जगाने पाहिले.

२०२४ मध्ये कपाडियांचा सिनेमा २३ मेच्या संध्याकाळी दाखवला गेला, महोत्सव संपायला दोन दिवस असताना. तोवर खरेदीदार आणि बरेच पत्रकार परतीच्या वाटेला लागलेले असतात. शेवटी लावलेल्या सिनेमावर महोत्सवाचा फारसा भरवसा नसतो, असा तिथला एक जुना समज. त्या सिनेमाला ग्रां प्री मिळालं, म्हणजे पाम दॉरच्या खालोखालचं पारितोषिक.

आता कुणीतरी विचारणार, म्हणून मीच विचारतो. कान्सच्या स्पर्धेत मराठी सिनेमा कधी? तारीख सांगणारा मी ज्योतिषी नाही, पण माग कुठून काढायचा ते सांगतो. नोव्हेंबरात गोव्यात इफ्फीच्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, जोडीने फिल्म बाजार भरतो, तिथे अर्धवट झालेले सिनेमे परदेशी महोत्सवांची निवडकर्ती मंडळी बघतात. कनू बहल यांचा ‘तितली’ तिथून पुढे गेला आणि २०१४ मध्ये ‘अन सर्टन रिगार्ड’मध्ये पोचला. चैतन्य ताम्हाणे यांची घसट व्हेनिसशी आहे. ‘कोर्ट’ तिथे २०१४ मध्ये दोन पारितोषिकं घेऊन आला, ‘द डिसायपल’ २०२० मध्ये मुख्य स्पर्धेत होता आणि पटकथेचं पारितोषिक जिंकला. म्हणजे ताम्हाणेंचा नवा सिनेमा आला तर माझं बोट व्हेनिसकडे. रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने जानेवारी २०२५ मध्ये सनडान्सचं मोठं पारितोषिक पटकावलं, आणि मघाच्या नियमाने त्या सिनेमापुरतं कान्सच्या स्पर्धेचं दार बंद झालं. पण तो भारत, ब्रिटन आणि कॅनडा यांच्या भागीदारीतून उभा राहिला होता. कानवड्यांच्या पुढच्या सिनेमात पैसा कुणाचा आहे, विक्रीचे हक्क कुणी घेतले आणि चित्रीकरण कधी संपतंय, या तीन बातम्या कुणाला कळल्या तर मला जरूर कळवा. पैज लावायची तर मी तिथे लावेन.

प्रश्न असतील तर घेऊ या. माइक मागच्या रांगेकडे द्या आधी, त्यांचा हात केव्हाचा वर आहे.