बीएला फिलॉसॉफी घेणाऱ्या पोरांसाठी

नमस्कार मंडळी. बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच विषय, पुढे काय, आणि त्यात एखादी पोरगी म्हणाली की मी बीएला तत्त्वज्ञान घेणार, तर सगळे गप्प आणि लगेच मामाला फोन. मी तालुक्याच्या गावात, एका छोट्या कॉलेजात हाच विषय घेऊन बीए केलं, म्हणून आज त्या पोरीशी आणि तिच्या आईवडिलांशी बोलायचंय.

कंपल्सरी मराठीला हॉल गच्च भरायचा, पण टीवायला स्पेशल फिलॉसॉफीला आम्ही एका बाकावर मावायचो. लपायला जागाच नाही. सर नोट्स देत नसत, विचारायचे, पटलं का, नसेल पटलं तर कारण सांग, आणि कारण सांगेपर्यंत पुढे जायचे नाहीत.

न्यायदर्शनात, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या भारतीय दर्शनात, अनुमान शिकवतात ना, दिसतंय त्यावरून न दिसणारं ओळखायचं, डोंगरावर धूर दिसतोय म्हणजे तिथे आग आहे, जसं स्वयंपाकघरात. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन, पाच पायऱ्या, पाठ व्हायला वेळ लागत नाही. पण सरांनी उलटं विचारलं, जिथे आग तिथे धूर, हे खरं का? आम्ही सगळे हो म्हणालो. एक मैत्रीण होती, तिच्या घरी लोहारकाम, ती म्हणाली सर, लाल झालेल्या लोखंडाला कुठे धूर असतो? नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, हेच उदाहरण देतात, तापलेला लोखंडी गोळा, आणि सांगतात की धूर येतो तो ओल्या सरपणामुळे! तिनं तेव्हा ते वाचलेलं नव्हतं. मोठ्या कॉलेजात शंभर जणांत ती बोलली असती का, मला नाही वाटत.

मग चार्वाक आले, प्रत्यक्ष दिसेल तेवढंच मानणारे. ते विचारतात, पाहिला तेवढा धूर आगीसोबत होता, ठीक, न पाहिलेल्याचं काय? युरोपात डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञानं 1748 मध्ये जवळपास हेच विचारलं, उद्या सूर्य उगवेल हे कशावरून. आणि बघा, चार्वाकांचं म्हणणं आपल्याला कळतं ते बहुतेक त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून, कारण समोरच्याचं म्हणणं, पूर्वपक्ष, आधी नीट मांडायचा आणि मगच खोडायचा ही रीत होती. आज टीव्हीवरच्या चर्चा ऐकल्या की ही रीत किती हवी आहे ते कळतं.

छोट्या गावात कसलं तत्त्वज्ञान, असं कुणी म्हटलं तर त्यांना जळगाव जिल्ह्यातलं अमळनेर सांगा. प्रताप शेठजींनी 1916 मध्ये तिथे तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था उभी केली, साने गुरुजीही तिथे शिकले. पुस्तकं सगळी इंग्रजीतच, असं वाटत असेल तर तेही तसं नाही, वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश आहे, तीन खंड, लायब्ररीत असेल तर काढून बघा, इंग्रजीची भीती निम्मी जाते.

नोकरीचं स्पष्ट सांगतो, डिग्री घेतली की लगेच नोकरी असं नाही. पुढे एमए आहे, एलएलबी आहे, यूपीएससी मेन्सला हा ऑप्शनल घेता येतो, 250 मार्कांचे दोन पेपर. घरच्यांनी हा हिशोब जरूर करावा.

पण ऍडमिशनच्या खिडकीवर कुणी म्हणालं की या विषयाला पोरंच नाहीत, दुसरा घे, तर लगेच फॉर्म बदलू नका. पोरं येत नाहीत म्हणून विषय बंद होतो आणि विषय बंद म्हणून पोरं येत नाहीत. आधी डिपार्टमेंटला जा, सर किंवा मॅडम असतील त्यांना भेटा, आणि एक लेक्चर बसू द्या म्हणून विचारा.