झाडाचा पावसाळा कोणता?

(कॉडेक्स झाडांची लागवड आणि संग्रह या विषयावर बागप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

कॉडेक्सची झाडं बाळगणाऱ्याला नवखा माणूस पहिला प्रश्न हमखास विचारतो: "पाणी किती दिवसांनी घालायचं?" मी उलट विचारतो, झाड कुठलं? बहुतेकांना नर्सरीचं नाव सांगता येतं, देश सांगता येत नाही. माझं आजचं सगळं बोलणं या एवढ्याशाच गोष्टीभोवती फिरणार आहे. झाड कुठून आलं हे कळलं की पाणी कधी घालायचं ते कळतं, आणि मुळात ते विकत घ्यावं की नाही हेही कळतं.

कॉडेक्स म्हणजे खोडाचा किंवा मुळाचा जमिनीलगतचा फुगलेला भाग. त्यात पाणी आणि अन्न साठवून झाड कोरडे महिने काढतं. हे एका कुळाचं वैशिष्ट्य नाही. कण्हेरीच्या कुळात अशी झाडं आहेत, द्राक्षाच्या आहेत, कृष्णकमळाच्या आहेत. काकडीच्या कुळातलं, सोकोत्रा बेटावरचं डेंड्रोसिसिओस तर चक्क वृक्ष होतं. दुधी-दोडक्याच्या त्या सगळ्या वेलबाज गोतावळ्यात वृक्ष म्हणावा असा तो एकच. म्हणून "कॉडेक्सची निगा" अशी एकच एक निगा नसते. कोणी तुम्हाला तसा छापील तक्ता दिला, तर घडी घालून ठेवून द्या.

आपल्याकडे सुरुवात बहुधा अडेनियमपासून होते, आणि ते ठीकच आहे. हे झाड अरबस्तान आणि आफ्रिकेतलं. त्याची पहिली शास्त्रीय नोंद येमेनमधली, पीटर फोर्स्कोल या निसर्गशास्त्रज्ञाची. डेन्मार्कच्या राजाने 1761 साली अरबस्तानात एक मोहीम धाडली होती, तिच्यात हा होता. 1763 च्या जुलैमध्ये येमेनमध्येच तो हिवतापाने गेला. एकेक करत सगळेच गेले, उरला फक्त कार्स्टेन नीबूर. हा नीबूर पुढे कुठे आला म्हणता? मुंबईत. इथे राहून त्याने घारापुरीच्या लेण्यांची मोजमापं घेतली, चित्रं काढली. परत गेल्यावर मित्राची टिपणं त्याने निगुतीने छापून काढली, 1775 मध्ये. त्यात हे झाड कण्हेरीच्या प्रजातीत घातलेलं आहे. फोर्स्कोलची नजर चुकली असं कुणी म्हणू नये. फूल बघा, जोडीने येणाऱ्या शेंगा बघा, पान तोडल्यावर येणारा चीक बघा, भावकी लगेच दिसते. विषही तसंच, हृदयावर परिणाम करणारं. आफ्रिकेत तो चीक बाणांना लावत. तेव्हा छाटणी केल्यावर हात धुवा आणि लहान मुलांना फांद्यांशी खेळू देऊ नका. आणखी एक. कण्हेरीवर येणारी ती जाडजूड हिरवी अळी, डोक्यामागे निळेपांढरे डोळे असल्यासारखी दिसणारी, तीही या नात्याला जागते. पावसाळ्यात एका रात्रीत अडेनियमची कुंडी बोडकी करून ठेवते. औषध मारत बसू नका. खाली काळ्या लेंड्या दिसल्या की वर अळी आहे असं समजा, हाताने उचला.

अडेनियम महाराष्ट्रात सुखाने राहतं, कारण त्याचा वाढीचा काळ आणि आपला उन्हाळा-पावसाळा जुळतात. फेब्रुवारी संपता संपता छाटायचं, मार्चपासून भरपूर ऊन आणि पाणी द्यायचं, थंडी पडून पानं पिवळी व्हायला लागली की हात आखडता घ्यायचा. मुंबईच्या माणसाला ही विश्रांती जेमतेम जाणवते. नाशिक-पुण्याकडे डिसेंबरात झाड पानं टाकून स्वस्थ बसतं, आणि घाबरलेला मालक त्याला आणखी पाणी घालतो. तिथेच घात होतो. पान नाही म्हणजे तहान नाही. पावसाने अडेनियम मरत नाही, कुंडीत तुंबलेल्या पाण्याने मरतं. म्हणून माझ्या कुंडीत मातीपेक्षा खडीच जास्त असते. विटांचे वाटाण्याएवढे तुकडे, जाड वाळू, थोडा कोळसा, थोडं पूर्ण कुजलेलं शेणखत. विटा फोडल्यावर चाळून बारीक धूळ टाकून द्यायची. ही धूळच तळाशी बसून भोकं बुजवते. कोको पीटबद्दल, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाबद्दल, माझं मत वाईट आहे. रोपं करायला उत्तम, पण मोठ्या झाडाला आपल्या जुलैमध्ये तो ओला बोळा होऊन बसतो. कोकणात तर नकोच.

बी लावून आलेल्या रोपालाच खरं पोट सुटतं. फांदी लावून झाड होतं, फुलंही लवकर येतात, पण बुंधा सहसा तसा भरत नाही. शेंगा पिवळसर व्हायला लागल्या की त्यांना सैलसर दोरा गुंडाळा. उकलल्या की दोन्ही टोकांना झुपके असलेलं बी वाऱ्यावर निघून जातं. ताजं बी उबेत आठवड्याभरात उगवतं. हव्या त्या रंगाचं फूल पाहिजे असेल तर मग कलम. बियाण्यातून आईचाच रंग येईल याची खात्री नसते. आणि इंटरनेटवर निळ्या अडेनियमचं बी विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. निळं अडेनियम नसतं. फोटो असतो.

आता दुसऱ्या टोकाचं झाड. डायोस्कोरिया एलिफंटायपीस, दक्षिण आफ्रिकेतलं. अर्धगोल गड्डा, त्यावर कासवाच्या पाठीसारखी बहुकोनी, खोल भेगांची बुचाची साल, आणि त्यातून निघणारी हृदयाकृती पानांची नाजूक वेल. बघताना भारी विलायती वाटतं, पण हा आपल्या कोनफळाचा आणि कडू कारंद्याचा सख्खा चुलतभाऊ आहे, एकाच प्रजातीतला. आपल्याकडे कोनफळ जमिनीत वाढतं आणि उंधियोत जातं. या भावाने गड्डा उघड्यावर काढला आणि तो संग्राहकांच्या हाती लागला, एवढाच काय तो फरक. तिथेही लोक तो खातच असत.

गंमत अशी की केपच्या मुलखात याच्या वाट्याला पाऊस मुख्यतः थंडीचा येतो. त्यामुळे हा हिवाळ्यात जागा आणि उन्हाळ्यात झोपलेला. आपल्याकडे आणल्यावर तो साधारण पावसाळा सरता सरता कोंब काढतो, थंडीभर वाढतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये वेल पिवळी पडते. म्हणजे आपला मृग बरसत असतो तेव्हा हे महाशय गाढ झोपेत असतात. त्याच्या शेजारी आपली करटोली ठेवून बघा. तिचाही जमिनीत गड्डा, तिचीही वेल दरवर्षी मरून नवी येणारी, दोघांतही नर वेगळा आणि मादी वेगळी. पण करटोलीला पहिल्या सरी पडल्या की कोंब फुटतो. एका गॅलरीत, एका दिवशी, एकाच झारीने दोघांना पाणी घातलंत तर एक तरारेल आणि दुसरा कुजेल. मग लोक म्हणतात, "आमच्या हाताला गुण नाही." हाताचा काही संबंध नाही. झाडाचा पावसाळा कोणता, हे विचारलेलं नसतं.

डायोस्कोरियाच्या गड्ड्याला मी मेअखेरीला छताखाली नेतो, वारा लागेल अशा जागी, आणि कोंब दिसेपर्यंत थेंबसुद्धा देत नाही. कोंब आपल्या वेळेने येतो. कधी ऑगस्टमध्ये, कधी ऑक्टोबर उजाडतो. ओढून-ताणून उठवू नका.

कुजणं ओळखायचं कसं, हे जरा तपशिलात सांगतो, कारण बहुतेक झाडं त्यातच जातात. रोज बघून काही कळत नाही, अंगठा लावून बघावं लागतं. बुंधा चारी बाजूंनी हलकेच दाबायचा. सगळीकडे सारखाच थोडा मऊ लागला तर झाड तहानलेलं आहे, पाणी द्या, दोन-चार दिवसांत टणक होईल. एकाच ठिकाणी अंगठा आत जातो, तिथली साल काळपट झालीय आणि आंबूस वास येतोय, तर ती कुज. अशा वेळी दया दाखवायची नाही. झाड उपटायचं, माती झटकायची, धारदार सुरी स्पिरिटने पुसून सडका भाग कापत जायचं. तपकिरी ठिपका दिसेनासा होऊन स्वच्छ पांढरा गर लागेपर्यंत. प्रत्येक कापाला सुरी पुन्हा पुसायची. मग बुरशीनाशकाची पूड लावून सावलीत उघडं ठेवायचं, जखम चामड्यासारखी कोरडी होईपर्यंत. मोठ्या कापाला दोन आठवडेही लागतील. अर्धा बुंधा गेला तरी अडेनियम बहुधा वाचतं. मादागास्करचं पॅकिपोडियम ब्रेव्हिकॉले मात्र क्वचितच. ते मुळात गारगोटीच्या खडकांवर बटाट्यासारखं चिकटून वाढणारं, त्याला आपली दमट रात्र सोसत नाही. कितीतरी जण म्हणूनच त्याचं कलम पॅकिपोडियम लामेरीवर करतात. हे लामेरी म्हणजे नर्सरीत "मादागास्कर पाम" म्हणून मिळतं ते काटेरी झाड. ते पाम नाही, हेही कण्हेरीच्याच कुळातलं. पण स्वस्त आहे, बियांपासून सर्रास केलेलं असतं, सुरुवातीला जरूर घ्या.

स्वस्त आणि महाग हा विषय निघालाच आहे. या झाडांत किंमत असते ती वर्षांची. मुठीएवढा बुंधा व्हायला काहींना दहा-पंधरा वर्षं लागतात. इतकी वर्षं थांबायला कोणी तयार नसतं, म्हणून डोंगरावरून तयार झाड उपटून आणायचा धंदा चालतो. जपानमध्ये मध्यंतरी या विचित्र आकाराच्या झाडांची मोठी हौस आली आणि मादागास्करहून उपटलेले बुंधे तिकडे जाऊ लागले. दक्षिण आफ्रिकेत करोनाच्या काळात कोनोफायटमसारख्या चिमुकल्या सुकुलंटची, म्हणजे पाणी साठवणाऱ्या मांसल झाडांची, पोत्यांनी चोरी झाली. ज्या टेकडीवर ती जात तेवढीच उरली होती, तिथे ती संपून जाऊ शकते.

उपटलेलं झाड ओळखता येतं. बुंधा म्हातारा, खरबरीत, एका बाजूने उन्हाने भाजलेला, दगडाला टेकून वाढल्याने वाकडा. पण वरच्या फांद्या मात्र सगळ्या कोवळ्या, एकाच वयाच्या, कापलेल्या खुंटांवरून फुटलेल्या. खाली मुसळी मूळ कुऱ्हाडीने तोडल्यासारखं सपाट. कुंडी नवी, माती नवी, आणि झाड हलवलं की डुगडुगतं, कारण मुळंच नाहीत. कुंडीत बियांपासून वाढलेलं झाड याच्या उलट, गुळगुळीत आणि बरंचसं सारख्या आकाराचं. काही संग्राहकांना तेच नापसंत, त्यांना "कॅरॅक्टर" हवं असतं. मला ही आवड कळते, पण पटत नाही. शिवाय त्यातली बरीच झाडं मुळं न धरताच वर्षा-दोन वर्षांत सुकतात. साठवलेल्या पाण्यावर पानं फुटतात, मालक खूश होतो, आणि आतून झाड केव्हाच गेलेलं असतं.

कायद्याचं थोडक्यात. पॅकिपोडियमच्या सगळ्या जाती साइट्स करारात, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात, आहेत, मादागास्करच्या ऑपरक्युलिकॅरिया आणि अडेनियाच्या काही जातीही. अडेनिया वेगळं, ते कृष्णकमळाच्या कुळातलं; अडेनियम वेगळं, गल्लत करू नका. आपल्या वन्यजीव कायद्यात 2022 च्या दुरुस्तीने साइट्सची यादी आली आहे, आणि परदेशातून रोप किंवा बी आणायला वनस्पती संगरोधाचे, म्हणजे क्वारंटाइनचे, नियम आहेतच. पाकिटात "खेळणी" असं लिहून पाठवतो म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका.

मग संग्रह करायचा कसा? बियांपासून. व्हिएन्नात शोनब्रुनच्या बागेत फोकिया क्रिस्पाचं एक झाड आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी केपहून आणलेलं, अजून कुंडीत जिवंत. मध्ये कित्येक दशकं लोकांना वाटत होतं की जगात हे एवढं एकच उरलंय. पुढे ते आफ्रिकेत पुन्हा सापडलं. किती पिढ्यांच्या माळ्यांनी ते सांभाळलं असेल! माझ्या मते संग्राहकाने मिरवायचं ते असलं काहीतरी. आपल्याकडे बी शोधायला लांब जायलाही नको. वसईच्या किल्ल्याच्या परिसरात, मुंबईत जुन्या गोरखचिंचा आहेत, आफ्रिकेतून कधीकाळी आलेल्या. खाली पडलेलं फळ फोडा, बी कानशीने थोडं घासा, रात्रभर कोमट पाण्यात भिजवा आणि पावसाच्या तोंडाला लावा. दोन-तीन वर्षांत कुंडीत बाटलीसारखा बुंधा दिसायला लागतो, आणि त्यासाठी कुठलाही डोंगर ओरबाडलेला नसतो.

सह्याद्रीतल्या झाडांबद्दल चिठ्ठीवर प्रश्न आला आहे: शिंदळ माकुडी कुठे मिळेल? प्रश्न चांगला आहे. फ्रेरिया इंडिका, वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने 1860 च्या दशकात वर्णन केलेली आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं नाव दिलेली. शिवनेरी, पुरंदर अशा मोजक्या कड्यांवरच ती आहे. मांसल फांद्या, पावसाळ्यात पानं, तांबड्या चांदणीसारखं फूल. कॉडेक्स म्हणता येणार नाही, पण आपल्या संग्रहात पहिला मान तिचाच असायला हवा. किल्ल्यावरून आणायची नाही. गरजही नाही, कारण कुंडीत ती अतिशय सोपी आहे आणि अनेक हौशी मंडळींकडे वाढते आहे. कंदीलपुष्पाचं मात्र तसं नाही. त्याचा कंद एकदा उकरला की ते झाड गेलं, त्याला जागेवरच बघा. शिंदळ माकुडीची बोटभर फांदी कुणाकडून तरी मागून घ्या, चार-पाच दिवस सावलीत सुकवा आणि विटांच्या तुकड्यांत आडवी टेकवून ठेवा. पावसाळ्यात पाणी, पानं झडली की कोरडं. माझ्याकडे वाढलेली आहे. ज्यांना हवी त्यांनी नाव लिहून द्या, जूनमध्ये छाटणी करतो तेव्हा फांद्या देईन.