वेत्सेलिन : इश्तवानचा जर्मन सरसेनापती

सन ९९७. हंगेरीचा अधिपती गेझा मरण पावला आणि घरात भाऊबंदकी पेटली. गेझाने मुलाला, इश्तवानला, वारस नेमलं होतं. जुनी मग्यार, म्हणजे हंगेरियन, रीत निराळी होती. घराण्यातल्या वयाने थोरल्या पुरुषाने गादी घ्यायची आणि मागे राहिलेल्या विधवेशी लग्नही करायचं. बालाटन सरोवराच्या दक्षिणेकडे राज्य करणाऱ्या, घराण्यातल्याच कोप्पान्यने दोन्ही मागितलं. ती विधवा शारोल्त, इश्तवानची आई.

कोप्पान्यने वेस्प्रेमच्या किल्ल्याला वेढा घातला.

इश्तवानची पत्नी गिझेला बव्हेरियाच्या ड्यूकची मुलगी. दरबारात जर्मन सरदार होतेच. त्यांतल्या होन्त आणि पाझ्मान्य यांनी गाराम नदीकाठी इश्तवानच्या कमरेला जर्मन रिवाजाने तलवार बांधली. सरसेनापतिपद मात्र वेत्सेलिनला मिळालं. बखरकार त्याला वासरबुर्गचा म्हणतात. परका माणूस का? आम्हाला हिशेब सरळ दिसतो. मग्यार सरदार कुणाचा तरी चुलता, कुणाचा तरी सोयरा. ऐन लढाईत फिरला तर? वेत्सेलिनचा या भांडणात वाटाच नव्हता.

मग्यार स्वाराची ताकद लाकूड, शिंग आणि स्नायुतंतूंच्या जोडधनुष्यात. बाण सोडायचे, पळाल्यासारखं करायचं, पाठलाग करणारे पांगले की उलटून घेरायचं. यासाठी मोकळं रान लागतं, आणि वेढा घालणारं सैन्य एका जागी अडकतं. कडीचं चिलखत, भाला आणि दुधारी तलवार घेतलेले स्वार रांग न मोडता भिडले की धनुष्य हाताळायला जागा उरत नाही. ९५५ मध्ये जर्मनीतल्या लेखफेल्डला मग्यारांनी जर्मनांच्या जड घोडदळाचा मार खाल्लाच होता. अर्थात, इश्तवानच्या फौजेतही मग्यार होते.

लढाई वेस्प्रेमजवळ झाली. बखरींनुसार कोप्पान्यला वेत्सेलिननेच मारलं. प्रेताचे चार तुकडे केले. तीन एस्टरगोम, वेस्प्रेम आणि ग्योरच्या वेशींवर टांगले. चौथा ट्रान्सिल्व्हेनियात, म्हणजे शारोल्तच्या माहेरी. तिचे नातलग इश्तवानला जुमानत नव्हते. १००३च्या सुमारास त्यांच्यावरही स्वारी झाली.

एक गोष्ट नजरेआड करू नये. वेत्सेलिनची हकिकत तेराव्या-चौदाव्या शतकातल्या बखरींमधली. पन्नोनहाल्मा मठाचं दानपत्र या लढाईच्या कितीतरी जवळचं, जरी हाती आलेल्या प्रतीत नंतरची भर आहे. ते या युद्धाला जर्मन विरुद्ध मग्यार म्हणतं, तीन सेनानींची नावं देतं, त्यांत वेत्सेलिन नाही. कोप्पान्यच्या मुलखातल्या उत्पन्नाचा दशांश मठाला मिळाला, तो याच विजयाचा नवस.

वेत्सेलिनला मोठी इनामं मिळाली, असं बखर सांगते. याक घराणं स्वतःला त्याच्या वंशातलं मानत असे. त्यांनी पश्चिम हंगेरीतल्या याक गावी बांधलेलं चर्च १२५६ मध्ये अर्पण झालं. ते आजही उभं आहे.