तिथीची पाऊणपट

[दृश्य: मातीची भिंत. खिळ्याला टांगलेलं कॅलेंडर. एक सुरकुतलेलं बोट तारखेवरून सरकत तिथीवर थांबतं.]

वैशाख वद्य तृतीया. तिनाची पाऊणपट म्हणजे सव्वादोन. दुपारी सव्वादोनच्या सुमाराला समुद्राला भरती. तिथून सव्वासहा तास मागे या, सकाळी आठला ओहोटी.

कोकणच्या किनाऱ्यावर हा हिशेब तोंडी होतो. मासेमारीला जाणाऱ्याला तो लागतोच, आणि मे महिन्यात घरात दोन-चार लहान पोरं आली असली तर आजीलाही लागतो.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात सुट्टी म्हटली की शहरातून येणारे आईबाप पहिला प्रश्न विचारतात, खर्च किती? पाच वर्षांच्या मुलाबरोबर आलात तर आधी वेळ विचारा. भर दुपारी बारा वाजता वाळूत उभं राहून रडणारं पोर आणि त्याला गप्प करायला घेतलेलं तिसरं आइस्क्रीम, महागात पडतं ते हे.

[दृश्य: मालवणचं रॉक गार्डन. पाणी मागे सरलेलं. खडकांमध्ये डबकी चमकताहेत.]

ओहोटीला खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत, पाणी साठून राहतं. प्रत्येक डबकं म्हणजे फुकटचं मत्स्यालय. समोर बसा आणि दोन मिनिटं हलू नका. मुलांना दोन मिनिटं फार होतात, पण इथं जमतात, कारण मेलेला वाटणारा शंख अचानक चालायला लागतो. आत खेकडा असतो, दुसऱ्याच्या घरात भाड्यानं राहणारा. कडेला समुद्रफूल उमललेलं दिसतं. पाण्यावर सावली पडली की बोटाएवढे मासे कपारीत पळतात.

पायात चप्पल नको, बूट हवेत. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. माझ्या लेकीचा अंगठा कापला, तेव्हा मला हे कळलं. शंख उचलून पाहा आणि होता तिथेच ठेवा. खिशातून घरी नेलेला ‘रिकामा’ शंख रात्री कपाटात चालतो, आणि दोन दिवसांनी वास मारतो.

खडप नसेल तिथं वाळू आहे. ओल्या वाळूवर बाजरीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसते ना? इवलेसे खेकडे वाळू तोंडात घेतात, तिच्यातलं खाद्य गाळून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतात. बिळाभोवती तासाभरात सूर्यफूल तयार. भरती आली की पाटी कोरी. पोरं यात किती वेळ रमतात याचा अंदाज मी सोडून दिलाय.

आता पुन्हा हिशेबाकडे. अष्टमीची पाऊणपट सहा. म्हणजे ओहोटी भर दुपारी बाराला, आणि भांगाचं पाणी, म्हणजे उधाणाच्या उलट कमी चढ-उताराचं, असल्यामुळे ते फारसं मागेही जात नाही. तो दिवस किनाऱ्याचा नव्हे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. पाणी जितकं वर चढतं तितकंच खोल आत जातं. त्रयोदशीपासून संध्याकाळची ओहोटी चार ते साडेपाच, पुढे द्वितीयेपासून चतुर्थीपर्यंत सकाळी सात ते नऊ. ढोबळ गणित आहे, पण पोरांसाठी नेमकं उपयोगी. चंद्र रोज पाऊण तासाहून जरा जास्तच उशिरा येतो आणि भरती त्याच्या मागोमाग.

एक गोष्ट ठामपणे: पाणी परत फिरलं की आपणही फिरायचं. खडपावरून मागं वळायला उशीर झाला तर वाट पाण्याखाली जाते. आणि मे सरता सरता समुद्र खवळू लागतो, तेव्हा घोट्यापुढे पाणी नको.

[दृश्य: अंगण. रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, ढीग. लालजांभळी बोटं.]

दुपार घरात, पडवीत. रातांबे फोडायचे, बिया एकीकडे, सालं एकीकडे. बियांच्या रसात मीठ घालून सालं त्यात बुडवायची आणि उन्हात टाकायची. वाळली की पुन्हा बुडवायची. असं काही दिवस चाललं की आमसुलं होतात. पाच वर्षांचं मूल हे काम मोठ्यांइतकंच नीट करतं. थोडी सालं साखरेसोबत बरणीत भरून उन्हात ठेवा, सरबताची सोय झाली.

शेजारच्या ताटांत आंबापोळी वाळत असते. कावळे हाकलायला एक राखणदार लागतो, आणि तो पहिली पापडी चाखतो हे ठरलेलं. फणसाच्या आठळ्या भाजा. काजूची ओली बी मात्र मुलांच्या हाती देऊ नका, सालातल्या तेलानं कातडी भाजते.

[दृश्य: लाल एसटी. खिडकीत तीन चेहरे.]

एखाद दिवस बाहेर पडावं. एसटीत पाच वर्षांखालचं मूल फुकट, बारापर्यंत अर्धं तिकीट. 2023 च्या मार्चपासून बायकांनाही अर्धं, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजीला तिकीटच नाही. आमच्या घरात पूर्ण तिकीट फक्त बाबांचं, आणि ते दिवसभर ऐकवतात.

जायचं कुठं? दाभोळ ते धोपावे फेरीबोटीनं खाडी ओलांडा आणि त्याच बोटीनं परत या. पलीकडे काही काम असायला हवं असं नाही. हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव पाहा. बोली इतकी भराभर चालते की आकडे शिकणारी मुलं हिरमुसतात. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, तेव्हा त्याआधीच. रत्नागिरीच्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आहे. पावलांनी तो मोजायचा खेळ मुलीनं स्वतःच काढला. कशेळीच्या सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरचा, कातळात कोरलेला हत्ती त्याहूनही मोठा. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. सड्यावर सावली नाही, म्हणून उजाडताच जा. चित्रावर पाय न देता कडेनं फिरा, आणि सोंड कुठाय हे मुलांनाच शोधू द्या.

[दृश्य: रात्र. पुन्हा तेच कॅलेंडर. या वेळी बोट लहान आहे, टाचा उंचावलेल्या.]

उद्या चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. ओहोटी पावणेनऊला. उठायची घाई नाही. पण तोवर वाळू तापायला लागेल, टोप्या आत्ताच काढून ठेवा.